घडीतला अंक

प्राध्यापकांना या प्रकरणात काय मिळणार होतं, याचा हिशेब आधी मांडलेला बरा. चार हात लांब संगमरवरी पाटी, तिच्यावर एकसष्ट अंक, अंकांखाली त्यांचं नाव. पाटीमागोमाग गणित मंडळाचं अध्यक्षपद. झालं! बाजारात त्या एकसष्ट अंकांवर कोणी सुतळीचा तोडाही दिला नसता. पण माणूस याहून कमी मोबदल्यातसुद्धा चोरी करतो, असं ताईंचं मत होतं, आणि ताईंनी परीक्षा मंडळात वीस वर्षं कॉपी पकडण्यात घालवली होती. आता त्या खाजगी तपास करत. त्यांच्या कचेरीच्या बरोबर खाली बाइंडरचं दुकान होतं. त्या त्याला भाऊ म्हणत, आणि कुठे जायचं झालं की सोबत नेत.

आणि बाइंडरला काय मिळालं होतं? फक्त अर्धी दुपार. पण ते पुढे.

गुरुवारी सकाळी काकू आल्या तेव्हा बाइंडर वरच चहा पीत बसला होता. काकूंनी पिशवीतून वही काढून टेबलावर ठेवली आणि त्याच्या घशात चहा अडकला. वही त्यानेच बांधलेली होती. हिरवं कापड, काळा कणा.

"तू ओळखलीस," काकू म्हणाल्या. "ह्यांची."

"हे" म्हणजे सर. शाळेत चाळीस वर्षं गणित शिकवून निवृत्त झालेले, आणि गेल्या जुलैच्या चार तारखेला गेलेले.

"ह्यांना मूळ संख्यांचं वेड," काकू सांगू लागल्या. "एक आणि ती स्वतः, याशिवाय जिला कोणी भागूच शकत नाही, ती मूळ संख्या. त्यातही ह्यांना हवी होती दुतोंडी. डावीकडून वाचा, उजवीकडून वाचा, तीच. आणि चांगली लांबलचक. दहा वर्षं शोधली. सापडली त्या दिवशी स्वयंपाकघरात येऊन म्हणाले, 'अगं, सापडली!' मी म्हटलं, 'दूध उतू जातंय, आधी तो गॅस बंद करा.'" त्या थांबल्या. "त्या संख्येबद्दल आमचं एवढंच बोलणं झालं. आठवड्याने गेले."

ताईंनी वही उघडली. ती फट्‌कन मिटली. त्यांनी परत उघडली आणि एका बाजूला चहाचा कप, दुसऱ्या बाजूला टेपची चकती ठेवली, तेव्हा कुठे ती उघडी राहिली. बाइंडरने खिडकीबाहेर पाहिलं.

"तक्रार काय आहे, काकू?"

काकूंनी एक पुस्तिका पुढे केली. "रविवारी मंडळात पाटीचं अनावरण आहे. ह्यांचाच विद्यार्थी, आता प्राध्यापक आहे. त्याने ही संख्या शोधली म्हणे, गेल्या जूनच्या दहा तारखेला. आणि यात छापलंय, की त्याने ती ह्यांना फोनवर सांगितली, ह्यांनी उतरवून घेतली आणि स्वतःची म्हणून वहीत लिहिली. तीही चुकीची." त्यांचा आवाज मात्र सरळ होता. "पाटी त्याची लागू दे हो. दगडाला काय करायचंय? पण ज्या माणसाने जन्मात कोणाची पेन्सिल ठेवून घेतली नाही, त्याला छापून चोर म्हणायचं?"

"वही त्याच्या हाती कशी लागली?"

"मीच दिली. ऑगस्टमध्ये भेटायला आला होता, डोळे भरून आले होते त्याचे. चार दिवसांसाठी मागितली. मी मोठ्या मनाने दिली." काकू कडवट हसल्या. "परत करताना कानात म्हणाला, 'काकू, सरांनी माझीच संख्या उतरवलीय. पण मी कोणाला बोलणार नाही.' सात महिने बोलला नाही. आता छापलं."

"लहानपणी कसा होता?"

"हुशार. आणि तिरपागडा. हे पहिल्या तासाला फळ्यावर एक काढायचे, मग रेघ, मग पुन्हा एक. रेघेवर कोणता अंक घातला तर मूळ संख्या होईल? सगळी मुलं शून्यापासून सुरुवात करून ओरडायची, शून्य, एकशे एक! हा एकटा नऊपासून खाली आला. म्हणाला नऊ, एकशे एक्क्याण्णव. तेही बरोबरच. खरं तर पाच उत्तरं आहेत. हे म्हणायचे, हा पोरगा घरात मागच्या दाराने येतो."

काकू गेल्यावर ताई वहीवर वाकून बसल्या. चाळीस मोठे, चौकटी आखलेले ताव. प्रत्येक मधोमध दुमडलेला. एका तावावर एक संख्या: डाव्या पानावर तीस अंक, उजव्या पानावर तेच तीस उलट्या क्रमाने, आरशात पाहिल्यासारखे. एकोणचाळीस तावांवर काट मारलेली. चाळिसाव्यावर एकच शब्द: 'सापडली'.

"भाऊ, ही संख्या किती अंकी?"

"तीस आणि तीस, साठ."

"सत्तावीसशे बहात्तर घे. दुतोंडी आहे. एकाआड एक अंक मिळव."

बाइंडरने बोटांवर मोजलं. "दोन आणि सात नऊ. सात आणि दोन... नऊच."

"दोन्ही बेरजा सारख्या आल्या, की संख्येला अकराने भाग जातो. दुतोंडी संख्येत अंक समसंख्येने असले, तर दोन्ही बेरजा सारख्या यायच्याच; इकडच्या प्रत्येक अंकाचा जोडीदार पलीकडच्या रांगेत बसलेला असतो. म्हणजे साठ अंकी दुतोंडी संख्या मूळ असूच शकत नाही. ती जन्मतःच अकराच्या पदरात पडलेली."

"म्हणजे सर चुकले?"

"शाळेतलं पोर चुकणार नाही ते सर चुकले? तेही चाळीस वेळा?" ताईंनी चहाचा कप उचलला. वही फट्‌कन मिटली. "ही उघडी का राहत नाही रे?"

"नवीन बांधणी आहे ताई. बसेल हळूहळू."

हे खोटं होतं. बोलल्याबरोबर त्याच्या कानाच्या पाळ्या तापल्या. ताईंनी वहीवरून बोट फिरवलं.

*

सरांचा मुलगा पाणीपुरवठा कचेरीत कारकून होता. त्याने त्यांना जिन्यावरच गाठलं. साहेबासमोर घरचं लफडं नको, म्हणाला.

"बाबांचा कॉम्प्युटर? दिला भंगारात. तिसऱ्या आठवड्यात." त्याने मान खाली घातली. "घरघर आवाज करायचा. दहा वर्षं त्या खोलीतून तोच आवाज ऐकला मी. बाबांचा आवाज त्याहून कमी ऐकला."

"संख्या त्यातच तपासायचे?"

"हो. हाताने लिहायचे, मशीनवर तपासायचे, मग ताव दुमडून ठेवायचे. कोणी विचारलं तर दाखवायला त्यात सगळं असेल, हे मला तेव्हा..." तो थांबला. "मला खोली हवी होती. मुलीला अभ्यासाला. बास."

"कॉम्प्युटर गेला हे कोणाकोणाला ठाऊक होतं?"

"प्राध्यापक आले होते तेव्हा विचारत होते. मी सांगितलं."

रस्त्यावर आल्यावर बाइंडर म्हणाला, "बापाचा राग मशीनवर काढला याने."

"प्रत्येकाने काही ना काही केलंय," ताई म्हणाल्या. "मी अपराध्यांची यादी करत नाहीये, भाऊ. चोराची करतेय. ती नेहमी आखूड असते."

बाइंडरला हे ऐकून बरं वाटायला हवं होतं. वाटलं नाही. खाई त्याला खवखवे.

*

मंडळाचे चिटणीस शिक्क्यांचे भोक्ते होते. टेबलावर सात शिक्के, सातही पुसून ओळीत ठेवलेले.

"प्राध्यापकांचा लिफाफा जूनमध्येच आला. आवक वहीत नोंद आहे. मंडळाचा कारभार चोख आहे, बाई."

"दिसतोच आहे," ताई आवक वही चाळत म्हणाल्या. "शंभर, एकशे एक... सरळ एकेक क्रमांक. हा बघा, अकरा जून, एकशे बारा-अ. वर्षभरात 'अ' एवढा एकच?"

"एखादा असतो."

"आणि याच्यावर शिक्का नाही."

चिटणीसांनी एक शिक्का उचलला, पुसला, परत ठेवला. "शाई संपली असेल."

*

प्राध्यापकांनी त्यांना महाविद्यालयातल्या आपल्या खोलीत बसवलं, पंखा वाढवला, आणि उत्तरपत्रिकांचा गठ्ठा बाजूला सारला. गठ्ठ्यातली सगळ्यांत वरची उत्तरपत्रिका शेवटच्या पानावर उघडी होती.

"मला सरांबद्दल आदरच आहे," ते म्हणाले. "म्हणून तर इतके महिने गप्प बसलो. पण अनावरणाच्या वेळी कोणी ती वही पुढे केली तर? सत्य आधी मांडलेलं बरं."

"दहा जूनला तुम्हाला संख्या सापडली. सरांना कधी सांगितलीत?"

"त्याच संध्याकाळी. फोनवर, एकेक अंक."

"एकसष्टही?"

"एकसष्टही. मधला नऊ मी दोनदा सांगितला. दुतोंडी संख्येत मधला अंक एकटा असतो, त्याला जोडीदार नाही, तोच निसटतो. आणि निसटलाच. साठ अंक लिहून बसले. ज्यांनी मला अकराची कसोटी शिकवली त्यांनीच!" ते कळवळ्याने हसले. "वय झालं होतं हो."

"ही वही तुम्ही सरांच्या हयातीत पाहिली होती?"

"कधीच नाही. ऑगस्टमध्ये काकूंनी दिली तेव्हाच पहिल्यांदा."

"म्हणजे बांधलेलीच पाहिलीत."

"अर्थात. हिरवी. बरी बांधलीय." त्यांनी बाइंडरकडे कौतुकाने पाहिलं. बाइंडरला त्या वेळी कोणी थोबाडीत मारली असती तर जास्त बरं वाटलं असतं.

*

शनिवारी बाइंडरने दुकान उघडलं, पण त्याचा हात कामाला लागेना.

सरांनी जूनच्या अठ्ठावीस तारखेला ताव आणून दिले होते, आणि एकच गोष्ट बजावली होती: "घडीतून शीव हं, कडेवरून नको." घडीतून शिवायचं म्हणजे प्रत्येक ताव उघडून, बरोबर दुमडीत सुई घालून, एकाला दुसऱ्यात ओवत जायचं. अख्खी दुपार जाते, पण वही सपाट उघडते. कडेवरून शिवायचं म्हणजे गठ्ठा सरळ करायचा, दुमडीपासून बोटभर आत भोकं पाडायची आणि दोरा ओढायचा. अर्ध्या दुपारचं काम, फक्त दुमडीजवळची बोटभर जागा कायमची दाबात जाते.

सर गेल्याची बातमी आली तेव्हा दुकानात शाळेच्या वह्यांचा डोंगर पडला होता. बाइंडरने विचार केला, आता या वहीत कोण लिहिणार आहे? आणि कडेवरून शिवून टाकली. गठ्ठा सरळ करताना दुमडीत पेन्सिलीचं काहीतरी बारीक दिसलंही होतं. त्याला वाटलं, कच्चं काम असेल.

संध्याकाळी ताई खाली आल्या. "माझ्या भाचीकडून मशीनवर तपासून घेतलं. साठ अंकांच्या मधोमध शून्य ते नऊ, एकेक अंक घालून. दहांपैकी दोनच वेळा मूळ संख्या येते. तीन घातला तर, आणि नऊ घातला तर."

"नऊ तर प्राध्यापकांचाच."

"हो. उद्या दहा वाजता मंडळात ये. धारेची सुरी आण."

"सुरी कशाला, ताई?"

"तुला ठाऊक आहे," ताई म्हणाल्या, आणि जिना चढून गेल्या.

*

रविवारी अनावरणाआधी मंडळाच्या खोलीत सहा माणसं जमली: काकू, त्यांचा मुलगा, चिटणीस, प्राध्यापक, ताई आणि बाइंडर. बाहेर सभागृहात खुर्च्या सरकवल्याचे आवाज येत होते. पाटीवरचा पडदा दारातून दिसत होता.

"पाच मिनिटं," प्राध्यापकांनी घड्याळ पाहिलं.

"पुरे आहेत. मी वीस वर्षं कॉप्या पकडल्या," ताईंनी सुरुवात केली. "दोन पोरांची बरोबर उत्तरं सारखी आली तर त्यात काही नसतं. बरोबर उत्तर सगळ्यांचं एकच असतं. पण इथे साठ अंक दोघांचे तंतोतंत तेच. असा योगायोग या जगात होत नाही. एकाने दुसऱ्याची उतरवलीय, हे प्राध्यापकही मानतात. प्रश्न एवढाच, कोणी कोणाची?"

"ते मी लिहिलंच आहे."

"तुम्ही लिहिलंत की सरांकडून एक अंक निसटला. एका संख्येत निसटेल. या वहीत चाळीस संख्या आहेत, आणि चाळीसही साठ अंकी! अकराची कसोटी शिकवणारा माणूस दहा वर्षं अशा संख्या तपासत बसेल, ज्यांना अकराने भाग जातो हे न तपासताच कळतं? मग मी वहीकडे पाहिलं. ती उघडी राहत नाही. कप ठेवावा लागतो. प्रत्येक तावाची दुमड टाक्यात दाबली गेलीय. आणि मनात आलं, डावीकडे तीस, उजवीकडे तीस, तर आरशाची काच कुठे असणार? बरोब्बर घडीवर. काखेत कळसा आणि गावाला वळसा!"

प्राध्यापकांच्या कपाळावर आठी आली. एवढीच.

"तुम्ही वही बांधल्यावर पाहिलीत, हे तुम्हीच सांगितलंत. तुम्हालाही साठच दिसले. तुम्ही हुशार, एक अंक कमी आहे हे लगेच ओळखलंत. पण तुम्हाला वाटलं, सरांनी मधली जागा मुद्दाम रिकामी सोडलीय. फळ्यावरच्या त्या रेघेसारखी. मग दहा अंक घालून बघणं काय अवघड? भाऊ, सुरी."

बाइंडरने सुरी टेबलावर ठेवली. "ताई, ती मी..."

"ठाऊक आहे. बांधलीस तू. आता सगळ्यांसमोर उसवही तूच. मी एकटीने उसवली असती तर म्हणाले असते, घडीत मीच लिहिलं."

"घडीत नऊच असणार," प्राध्यापक म्हणाले. "असलाच तर त्यांनी तो लिहिला होता, एवढंच सिद्ध होईल. मी सांगितलेलाच."

"अगदी मान्य," ताई म्हणाल्या. "नऊ निघाला तर मी काकूंसकट तुमची माफी मागेन."

काकूंनी दचकून ताईंकडे पाहिलं. सुरीचं टोक पहिल्या टाक्याखाली गेलं. दोरा एकेक करून तुटत गेला, आणि आठ महिने दाबलेले ताव सुटे झाले. बाइंडरने चाळिसावा ताव टेबलावर ठेवून हाताने सपाट केला.

दुमडीवर, पेन्सिलीने, एकाखाली एक चार बारीक अंक होते. शून्य, खोडलेला. एक, खोडलेला. दोन, खोडलेला. तीन, आणि तिनाभोवती गोल.

काकू टेबलाशी वाकल्या.

"फोनवर ज्याला नऊ सांगितलाय, तोही दोनदा, तो माणूस शून्यापासून एकेक अंक घालून बघत बसत नाही," ताई म्हणाल्या. "सर पुढच्या दाराने आले. तीनवर मूळ संख्या मिळाली, थांबले. तुम्ही सवयीप्रमाणे मागच्या दाराने आलात. पहिल्याच घासाला नऊ लागला, तुम्हीही थांबलात. खाली तीनपर्यंत आला असतात तर कळलं असतं की उत्तरं दोन आहेत, आणि जरा घाबरला असतात."

"पण नऊ घालूनही ती मूळच आहे," प्राध्यापक म्हणाले. आवाज शाळकरी झाला होता.

"आहे ना. तेव्हाही तुमचं उत्तर बरोबरच होतं. पण नऊ त्यालाच लागतो, ज्याने साठ पाहिले आणि घडी पाहिली नाही. म्हणजे वही शिवून झाल्यावर पाहिली. ती ऑगस्टमध्ये. मग संख्या जूनमध्ये कशी सापडली, ते चिटणीस सांगतील. एकशे बारा-अ."

चिटणीस खुर्चीत बसले. "सप्टेंबरात आणून दिला लिफाफा," ते शिक्क्यांकडे बघत म्हणाले. "म्हणाले, जूनचाच आहे, द्यायचा राहिला. मी म्हटलं, एवढा मोठा माणूस... दोन ओळींत जागा होती."

बाहेर टाळ्या सुरू झाल्या. कोणीतरी माइक चालू झाल्याचं समजून वाजवत होतं. प्राध्यापक उठले, आणि सभागृहाचं दार सोडून मागच्या दाराने गेले.

जिन्यावर बाइंडर ताईंना म्हणाला, "मी सांगितल्याप्रमाणे शिवली असती तर हे झालंच नसतं."

"घडीतून शिवली असतीस तर त्याला तीन दिसला असता. त्याने एकसष्टही तसेच उचलले असते आणि मला धरायला बोटभर जागा राहिली नसती." ताईंनी त्याच्याकडे रोखून पाहिलं. "याचा अर्थ तू बरोबर केलंस असा नाही. उगाच हसू नकोस."

"मी हसत नाहीये, ताई."

"मग ठीक."

*

आता कोणी काय किंमत भरली ते.

प्राध्यापकांनी अध्यक्षपद गमावलं, आणि नावही. पुस्तिकेच्या सगळ्या प्रती त्यांनाच परत न्यायला लागल्या. चिटणीसांनी सातही शिक्के टेबलावर ठेवून राजीनामा दिला, आणि म्हणे त्यावर स्वतःच आवक क्रमांक घातला. मुलाने खोलीत मुलीचं टेबल तसंच ठेवलं, पण भिंतीवर चाळिसाव्या तावाची नक्कल लावली. घरघर आता नव्हती आणि तीच त्याला झोपू देत नव्हती. पाटीवरचं नाव बदललं. मधल्या नवाचं काय करायचं, असं कारागिराने विचारलं तेव्हा काकू म्हणाल्या, "तो खोडा आणि जागा रिकामी ठेवा. मुलं शोधतील."

बाइंडरने जुनी भोकं बुजवत, चार दुपारी घालवून चाळीस ताव घडीतून शिवले आणि वही घेऊन काकूंकडे गेला. त्याने माफी मागायचं पाठ करून ठेवलं होतं. काकूंनी वही टेबलावर उघडली. ती सपाट पडून राहिली. त्यांनी घडीतल्या तिनावर बोट ठेवलं.

"तुझं ते राहू दे," त्या म्हणाल्या. "त्या मुलाने कानात सांगितल्यापासून सात महिने मी ह्यांच्या फोटोला रोज मनातल्या मनात विचारत होते, खरं सांगा, कोणाची आहे ती संख्या? तुमच्या ताईंकडे आले ना, तेही खात्री होती म्हणून नाही. खात्री नव्हती म्हणून. त्या दिवशी दूध गेलं असतं उतू तर गेलं असतं. कोणता अंक, एवढं तरी विचारायचं."

परत येताना रस्त्यात बाइंडरने हिशेब मांडून पाहिला, कारण ताईंच्या सोबतीने तेवढी सवय लागली होती. कडेवरून शिवून त्याने अर्धी दुपार वाचवली होती, आणि काकूंना पहिल्याच दिवशी दिसली असती ती सरांची खोडाखोड दाबून टाकली होती. ती अर्धी दुपार काकूंनी सात महिने भरली.